पदवीनंतरची तात्पुरती ऑफिस-नोकरी, नाशिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी.कॉम. झाल्यावर तीन वर्षांत मी नाशिकमध्ये चार तात्पुरत्या नोकऱ्या केल्या. दोन कंपन्यांना माणसं पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत, एक थेट कंपनीच्या करारावर, एक सरकारी कार्यालयात. तेव्हापासून कॉलेजच्या मागच्या बॅचमधली मुलंमुली फोन करतात, मेसेज टाकतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच बसून लिहून काढले. प्रश्न ज्याच्या-त्याच्या शब्दांत ठेवलेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिलाय.

१. ताई, कंत्राटी, ट्रेनी, अप्रेंटिस हे सगळं एकच ना? शेवटी टेम्पररीच!

एकच नाही, आणि पुढची बहुतेक उत्तरं यावरच अवलंबून आहेत. कंपनीने स्वतःच्या लेटरहेडवर ठरावीक मुदतीसाठी घेतलं तर तुम्ही त्या कंपनीचे कर्मचारी. एजन्सीमार्फत गेलात तर बसायला अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत, पण कागदोपत्री मालक एजन्सी. अप्रेंटिस म्हणजे १९६१ च्या कायद्याखालचा शिकाऊ उमेदवार. त्याला पगार नसतो, स्टायपेंड असतो, आणि पीएफ लागू होत नाही. सरकारी योजनेतला प्रशिक्षणार्थी आणखी वेगळा (प्रश्न १२).

ओळखायची सोपी खूण म्हणजे बँकेच्या मेसेजमध्ये पगार कोणाच्या नावाने जमा झाला ते बघा. गळ्यातल्या पट्ट्यावर काय छापलंय त्याला अर्थ नाही. माझ्या गळ्यात आठ महिने एका बड्या कंपनीची पट्टी होती, आईने गल्लीत पेढेसुद्धा वाटले होते. पगार मात्र कॅनडा कॉर्नरजवळच्या एका दोन खोल्यांच्या ऑफिसातून यायचा.

२. "आधी जॉइन व्हा, लेटर नंतर देऊ" म्हणतात. जॉइन होऊ का?

नवीन कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि त्यात नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे. पण पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी कायदा दाखवायला कोणी जात नाही, हे मलाही कळतं. मग निदान एवढं करा: रुजू झालात त्याच संध्याकाळी एचआरला मेल टाका, "आज अमुक तारखेपासून अमुक पदावर, अमुक पगारावर रुजू झाले आहे. नियुक्तीपत्राची प्रत मिळावी." उत्तर नाही आलं तरी तो मेल तारखेसकट तुमच्याकडे राहतो.

मूळ मार्कशीट आणि डिग्री कोणाकडेही ठेवायला द्यायची नाही. ओरिजिनल दाखवायचं, झेरॉक्स द्यायची. आणि "रजिस्ट्रेशन", "ट्रेनिंग फी", "युनिफॉर्मचं डिपॉझिट" अशा नावाखाली आधी पैसे मागितले तर जिन्यावरूनच परत फिरा.

३. सोळा हजार सांगितले होते, हातात बारा आले. मधले चार कुठे गेले?

हा प्रश्न दर महिन्याच्या दहा तारखेला येतो. सांगितलेला आकडा बहुधा सीटीसी असतो, म्हणजे कंपनीला तुमच्यामागे पडणारा एकूण खर्च. समजा एकूण पगार १४,००० आहे आणि तो सगळा बेसिक, म्हणजे मूळ पगार, धरलाय. त्यातून तुमचा १२ टक्के पीएफ १,६८०, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, प्रश्न ६) ०.७५ टक्के म्हणजे १०५, आणि व्यवसायकर २०० कापला जातो. हातात राहतात १२,०१५. मालक वरून स्वतःचा १,६८० पीएफ आणि ३.२५ टक्के ईएसआय म्हणजे ४५५ भरतो. १४,००० मध्ये ते मिळवले की १६,१३५ होतात. हेच ते "सोळा हजार".

म्हणून मुलाखतीत एकच वाक्य विचारायचं: "इन हँड किती?" लाजायचं नाही. समोरच्याला या प्रश्नाची सवय असते.

व्यवसायकराच्या दोन गमती आहेत. महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो एप्रिल २०२३ पासून माफ आहे. माझ्या एका मैत्रिणीचे तरीही पाच महिने कापले गेले, कारण सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी "पुरुष" टिकवलं होतं. आणि दहा हजारांच्या वर पगार असलेल्या मुलांचे फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० जातात. वर्षाचे २,५०० भरायचे म्हणून तसं, चूक नसते ती.

४. माझा पीएफ कापत नाहीत, उलट दहा टक्के टीडीएस कापतात. हे चांगलं की वाईट?

याचा अर्थ त्यांनी तुम्हाला कर्मचारी न दाखवता सल्लागार, म्हणजे "प्रोफेशनल" दाखवलंय. सकाळी साडेनऊला पंचिंग करणारा आणि सुट्टीसाठी अर्ज देणारा सल्लागार! पीएफ, ईएसआय, रजा यातलं काहीच द्यावं लागू नये म्हणून ही युक्ती असते.

टीडीएस म्हणजे आगाऊ कापलेला आयकर, ते पैसे मात्र बुडत नाहीत. फॉर्म २६एएस मध्ये ते तुमच्या पॅनवर दिसतात का बघा. नव्या करप्रणालीत वर्षाला १२ लाखांपर्यंत कर पडत नाही, त्यामुळे रिटर्न भरलं की रक्कम परत येते. हे उत्पन्न पगार नाही, व्यवसायाचं धरलं जातं, म्हणून नोकरदारांचा साधा एक नंबरचा फॉर्म चालत नाही. पहिल्या वर्षी एखाद्या करसल्लागाराला चार पैसे देऊन भरून घ्या, पुढच्या वर्षी स्वतः जमतं.

५. जुन्या नोकरीचा पीएफ काढून टाकू का? पाच-सहा हजारच आहेत.

पुढची नोकरी लागणार असेल तर काढू नका, ट्रान्सफर करा. यूएएन हा पीएफचा बारा आकडी नंबर आयुष्यभर एकच असतो. नव्या ठिकाणी तोच द्यायचा. "नवीन काढून देतो, सोपं पडतं" असं एजन्सीचा मुलगा म्हणेल. त्याला सोपं पडतं, तुम्हाला नाही.

खरी अडचण नावाची येते. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. वडिलांच्या नावाला एकीकडे "राव" लावलेलं, दुसरीकडे नाही. एवढ्यावर क्लेम परत येतो. पहिल्या महिन्यातच पोर्टलवर नाव आधारप्रमाणे आहे का बघून घ्या. नोकरी सोडल्याची तारीख मालकाने भरली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती स्वतःला भरता येते. हे माहीत नसल्यामुळे मी एका एजन्सीच्या ऑफिसात चार चकरा मारल्या, चारही वेळा "मॅडम लंचला गेल्यात".

६. ईएसआयचं कार्ड मिळालंय. त्याचा उपयोग काय?

पगार २१,००० पर्यंत असेल तर हे लागू. तुमच्यावर आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या घरच्यांवर उपचार होतात, सातपूरला राज्य कामगार विमा योजनेचं रुग्णालय आहे. आजारपणाच्या सुट्टीचे रोख पैसे, म्हणजे रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतात. पण नव्या माणसाला हा रोख भत्ता पहिले साधारण नऊ महिने लागू होत नाही. करार अकरा महिन्यांचा असेल तर मग उरतात दोन. आजारी पडायचं असेल तर दहाव्या महिन्यात पडा, असं आम्ही म्हणायचो. घरच्यांची नावं आणि फोटो मात्र लगेच चढवून घ्या, ऐन वेळी ते होत नाही.

७. कामाला लागले. पण कॉलेजात शिकलेलं इथे काहीच नाही! नक्की काय येणं अपेक्षित असतं?

पहिले दोन महिने बहुतेकांच्या वाट्याला आवक-जावक येतं. हलकं काम वाटतं, पण अख्ख्या ऑफिसची नाडी त्यात असते. पत्र आलं की शिक्का मारायचा, आवक क्रमांक आणि तारीख टाकायची, रजिस्टरमध्ये कोणाकडून, विषय काय, कोणत्या टेबलाला दिलं ते लिहायचं आणि त्या टेबलाची सही घ्यायची. बाहेर जाणाऱ्या पत्राला जावक क्रमांक, आणि आपल्याकडच्या स्थळप्रतीवर समोरच्या ऑफिसची पोच. पोच म्हणजे गोल शिक्का, तारीख, सही. तिन्ही.

मी एकदा शिक्क्याशिवाय आले होते. पावणेसहा वाजले होते, समोरच्या बाईंनी शिक्का कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. "ठेवून जा, सही करते मी," म्हणाल्या. तीन आठवड्यांनी त्या ऑफिसने पत्र मिळालंच नाही असं कळवलं. स्थळप्रतीवर एक वळणदार रेघ होती, ती कोणाची हे कोणालाच सांगता येईना. आमच्याकडचे कायम असलेले क्लार्क शांतपणे म्हणाले, "पत्र हिने नेलं होतं." ती रेघ मला अजून जशीच्या तशी आठवते.

दुसरी गोष्ट फॉन्टची. जुनी मराठी फाइल उघडली की स्क्रीनभर चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते, ती श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असते आणि तुमच्या मशीनवर तो फॉन्ट नसतो. पुन्हा टाइप करत बसू नका, युनिकोडमध्ये बदलून घ्या. मग रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासा. "कार्यालय"चं "कायालय" होऊन सहीला गेलेलं पत्र मी पाहिलंय.

तिसरं एक्सेल. व्हीलुकअप आणि पिव्होट एवढं आलं तरी आठवड्याभरात ऑफिस तुम्हाला हाका मारायला लागतं. त्याचेही तोटे आहेत, पुढचा प्रश्न बघा.

८. सगळे आपलं काम माझ्यावर ढकलतात. नाही कसं म्हणू?

थेट "नाही" जमत नाही, हे खरं. मला जे जमलं ते सांगते. ज्यांनी काम दिलं त्यांना विचारायचं, "साहेबांनी दिलेलं स्टेटमेंट पाचपर्यंत द्यायचंय. हे आधी करू की ते?" निर्णय त्यांच्याकडे जातो आणि निम्म्या वेळा काम परत घेतलं जातं. पण दुसऱ्याच्या लॉगिनवरून काम करायचं नाही, आणि "माझी सही मार गं जरा" याला तर मुळीच हो म्हणायचं नाही. कितीही गोड माणूस असो.

९. कोणाला काय म्हणायचं? वाढदिवसाची, निरोपाची वर्गणी आम्ही तात्पुरत्यांनी द्यायची का?

सरकारी ऑफिसात साहेब आणि मॅडम, खाजगीत सर. वयाने मोठ्या शिपायांना काका किंवा मामा. फाइल कुठे अडकली हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं, त्यामुळे तिथे आवाज खाली.

वर्गणीबद्दल माझं मत ठाम आहे. चहाची द्या, रोज पिता. निरोप समारंभाची ऐपतीप्रमाणे द्या, पण ८० हजारवाला आणि १२ हजारवाला दोघांनी पाचशे-पाचशे ही रीत मला पटत नाही. "माझे शंभर घ्या" असं हसून म्हटलं की विषय संपतो. पहिल्या पगाराची पार्टी मागितली तर मिसळीवर भागवा. तर्री, पापड आणि दही एवढ्यात नाशिकचं कुठलंही ऑफिस खूश होतं.

१०. रजा किती मिळतात? एजन्सी म्हणते "नो वर्क, नो पे".

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत. वर्षात २४० दिवस भरले की दर वीस दिवसांमागे एक हक्काची रजा. शिवाय २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि सणांच्या चार अशा आठ पगारी सुट्ट्या. सरकारी कंत्राटात मात्र आदेशात लिहिलं असेल तेवढंच, म्हणून तो कागद नीट वाचा. रजेचा अर्ज तोंडी नको, मेल किंवा मेसेज टाका.

११. राहायचं, जायचं-यायचं कसं बसवू या पगारात?

आधी ऑफिस कुठे ते बघा, मग खोली. अंबडला असाल तर सिडको, पाथर्डी फाटा. सातपूरला असाल तर अशोकनगर, श्रमिकनगर. कॉलेज रोड, गंगापूर रोडला राहायची हौस नंतर. सुरुवातीला कॉट बेसिस बरं, डिपॉझिट अडकत नाही.

निफाड, सिन्नर, दिंडोरीकडून येणाऱ्यांनी घरून ये-जा करून बघावं. मी सहा महिने निफाडहून केलं. एसटीच्या मासिक पासात २० दिवसांच्या भाड्यात ३० दिवस प्रवास होतो. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पास आणि अर्धं तिकीट यांतलं तुमच्या सुट्ट्या धरून काय स्वस्त पडतं ते गणित करा. शहरात सिटीलिंक आहे, नाहीतर शेअर रिक्षा. द्वारका चौकातून जाणार असाल तर अर्धा तास आधी निघा, आणि २०२७ च्या सिंहस्थासाठी तुमच्या वाटेवर काम निघालं तर आणखी पंधरा मिनिटं. सिन्नरच्या माळेगाव किंवा मुसळगाव एमआयडीसीत लागलात तर कंपनीच्या बसमध्ये एजन्सीची माणसं चालतात का, हे रुजू होण्याआधी विचारा. माझ्या एका मित्राला चौथ्या दिवशी बसमधून उतरवलं होतं.

थंडीत सकाळची पावणेसातची एसटी आणि निफाडचा गारठा. स्वेटर नाही, जाकीट घ्या.

१२. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत लागलो होतो. तो अनुभव धरतात का? कायम करतील का?

ही योजना २०२४ ची. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० महिना, थेट खात्यात. सुरुवातीला सहा महिने होती, मग पाच वाढवून अकरा केले. नावातच प्रशिक्षण आहे, नोकरीचा शब्द दिलेला नाही. कायम करा म्हणून मोर्चे निघाले, पण त्या भरवशावर वय घालवू नका. प्रमाणपत्र मात्र जपा. त्यावर नेमकं काय काम केलं ते लिहून घेतलं तर खाजगीत मुलाखतीला उपयोग होतो. प्रमाणपत्राबद्दल बाकी प्रश्न १६ मध्ये.

१३. नोकरी करून एमपीएससी, सरळसेवा जमते का?

जमते, पण सकाळी. संध्याकाळी सहानंतर अभ्यास करीन असं मी दीड वर्ष म्हणत होते. घरात जागा नसेल तर अभ्यासिका लावा. आणि परीक्षा लागो न लागो, टायपिंगचं सर्टिफिकेट आधी काढा. क्लार्कच्या पदांना मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट लागतं आणि जाहिरात आल्यावर ते मिळवायला वेळ उरत नाही. ऑफिसात रोज टाइप करता, तो सराव फुकटचा आहे.

१४. अकरा महिने झाले की एक-दोन दिवस ब्रेक देतात आणि परत घेतात. तीन वर्षं झाली. हक्क तयार होतो का?

ब्रेक असतोच त्यासाठी की सलग सेवा दिसू नये. सरकारी ठिकाणी २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा उमादेवी निकाल पुढे केला जातो: नियमित भरतीप्रक्रियेशिवाय घेतलेल्या कंत्राटी माणसाला केवळ बरीच वर्षं काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं, की हा निकाल माणसांना वर्षानुवर्षं राबवून घ्यायची ढाल म्हणून वापरता येणार नाही. पण त्या प्रकरणातले लोक कैक वर्षं काम केलेले होते, तीन नव्हे. तोवर प्रत्येक आदेशाची प्रत आणि ब्रेकच्या तारखा एका फाइलीत लावा.

ब्रेकमध्ये "ये गं, काम पडलंय" असा फोन आला तर? मी गेले होते. दोन दिवस बिनपगारी. जाऊ नका, किंवा गेलात तर बोलावणं मेसेजवर घ्या.

याला जोडून ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना मिळणारी ठोक रक्कम. नव्या संहितेत थेट ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्याला एक वर्ष पूर्ण झालं की ती प्रमाणात मिळते, पाच वर्षं लागत नाहीत. अकरा आणि बारा महिन्यांतला फरक आता कळला असेल. एजन्सीवाल्यांनी आपल्या पत्रात "ठरावीक मुदतीची नेमणूक" असे शब्द आहेत का ते बघावं.

१५. दिवाळीला परमनंटना बोनस, आम्हाला चिवड्याचा पुडा. आणि एजन्सीने दोन महिने पगारच दिला नाही तर?

बोनसचा कायदा कायम-तात्पुरतं बघत नाही. खाजगी आस्थापनेत वर्षात किमान ३० दिवस काम केलं असेल तर किमान ८.३३ टक्के लागू होतो. एजन्सीवर असाल तर मागायचा एजन्सीकडे. काही ठिकाणी तो दर महिन्याच्या पगारातच दाखवून मोकळे होतात, तेव्हा आधी स्लिप तपासा.

पगार थकला तर रडगाणं एजन्सीकडे गाऊन थांबू नका. कंत्राटदाराने दिला नाही तर मूळ कंपनीवर तो द्यायची जबाबदारी येते. आधी कंपनीच्या एचआरला लेखी, मग कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज. चौघांनी मिळून दिला तर लवकर हलतो.

१६. अनुभव प्रमाणपत्र एजन्सीचं की कंपनीचं? आणि एजन्सीच बंद पडली असेल तर?

मालक एजन्सी, म्हणून प्रमाणपत्र तिचंच. त्यात "अमुक कंपनीत कार्यरत" असं वाक्य घालून घ्या. शेवटच्या दिवशी नव्हे, शेवटच्या आठवड्यात मागा. स्लिपा दर महिन्याला उतरवून ठेवा, लॉगिन बंद झालं की गेलं. एजन्सीने गाशा गुंडाळला असेल तर पीएफ पोर्टलवरची सेवेची नोंद काढा. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दोन्ही असतात. माझ्या दुसऱ्या नोकरीचा पुरावा आज तेवढाच आहे. प्रश्न ४ मधले "सल्लागार" असाल तर २६एएस आणि बँकेचं स्टेटमेंट.

१७. स्थळं बघायला सुरुवात झालीय. बायोडाटात नोकरी काय लिहायची? सगळे पहिलं हेच विचारतात, "परमनंट आहे का?"

माझ्या बायोडाटात बाबांनी "नाशिक येथे नोकरी" एवढंच लिहिलं होतं. पहिल्याच बैठकीत, पोहे यायच्या आधी, समोरून प्रश्न आला. बाबांनी खरं ते सांगितलं, अकरा महिन्यांचा करार, मार्चमध्ये संपतोय. मिनिटभर कोणी काही बोललं नाही. मग मुलाच्या काकांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "आमचा जूनमध्ये संपतो."